दारातला सावकार आणि कुपीभर तेल
बायबलमधल्या अनामिका : लेखांक ७

जानेवारी २०२० मध्ये धाराशिवला, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादला, ९३वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होते ‘सुबोध बायबल’ मराठीत आणणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्या बायबलातली आजची बाई या जिल्ह्याला परकी वाटायची नाही.

तिचं नाव ग्रंथात कुठंच नाही. ‘२ राजे’च्या चौथ्या अध्यायात तिच्या वाट्याला जेमतेम सात वचनं. लगेच पुढं शुनेम गावच्या एका श्रीमंत बाईची गोष्ट सुरू होते, तिला तीस. (ऐपत बघून जागा द्यायची रीत जुनीच म्हणायची.)

नवरा संदेष्ट्यांच्या शिष्यगणातला, देवभीरू. पण मागं कर्ज ठेवून गेला. आता सावकार दोन्ही पोरांना गुलाम म्हणून न्यायला आलाय. त्या काळच्या रिवाजात ते बसतही होतं. ती तडक अलीशा संदेष्ट्याकडे जाते आणि सगळं मांडते : माझा नवरा गेला, तो कसा होता हे तुम्हाला ठाऊक आहे, आणि घेणेकरी दारात आलाय. झाकपाक नाही. मला तिचं धाडस इथंच दिसतं. आपल्याकडे कर्जाची गोष्ट उंबऱ्याबाहेर जात नाही. पुष्कळदा बायकोलाही खरा आकडा कळतो तो नवऱ्याचं तेरावं झाल्यावर.

घरात काय आहे, अलीशा विचारतो. काहीच नाही, ती म्हणते. बस, कुपीभर तेल. मग शेजारपाजारची रिकामी भांडी मागून आण, चार-दोन नकोत, भरपूर आण. दार लाव आणि ओत. पोरं भांडी पुढं सरकवतात, ती ओतत राहते. आणखी एक दे, म्हणते. आता नाही उरलं, पोरगा सांगतो, आणि तेल थांबतं. म्हणजे तेल किती मिळणार, हे शेजाऱ्यांच्या भांड्यांनी ठरवलं. त्यांनी पदरचा थेंबही दिला नव्हता. पुढचा सल्ला बचत गटाच्या बैठकीत शोभेल असा : तेल विक, देणं फेड, उरेल त्यावर माय-लेकरं जगा.

आजही धाराशिव जिल्ह्यातून दरवर्षी कितीतरी जोडपी मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात. जोडपं म्हणजे एक कोयता. उचल फिटली नाही तर पुढचा हंगामही बांधला जातो, आणि पोरं शाळा सोडून फडावर. कर्जापायी शेतकऱ्यानं जीव दिला तर सरकारची मदत एक लाख; २००६ च्या शासन निर्णयानुसार ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. पण कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं. बिनपरवान्याच्या सावकाराचं असेल तर प्रकरण ‘अपात्र’ ठरू शकतं. अलीशानं परवाना विचारला नव्हता.

‘घरात काय आहे?’ याचं उत्तर इथल्या बायकांनी आपल्या परीनं काढलंय. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या साथीनं त्यांनी घरच्या रानातलं एकरभर मागून घेतलं आणि त्यात भाजीपाला, कडधान्यं, ज्वारी असं आधी चुलीसाठी पिकवलं. मराठवाड्यातल्या या कामाला २०१७ चा संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. हिंगळजवाडीच्या कमल कुंभार बांगड्या विकता विकता कुक्कुटपालनात उतरल्या. २०२२ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते नारीशक्ती पुरस्कार घेऊन आल्या.

तरी बायबलातल्या त्या गोष्टीत एक उणं राहतंच. सगळी धावपळ त्या बाईची; सावकाराला जाब कुणीच विचारत नाही, अलीशाही नाही. आज तो विचारता येतो. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यानं बिनपरवाना सावकारी हा गुन्हा आहे, आणि सावकारीत बळकावलेली जमीन परत देण्याचा आदेश जिल्हा उपनिबंधक देऊ शकतात. तुमच्या गल्लीत अशी कुणी असेल, तर तिच्यासोबत उपनिबंधकांच्या कार्यालयापर्यंत जा. अर्ज लिहायला मदत करा.