कंपनीत भांडण लागते तेव्हा

दोन भाऊ, एक खासगी कंपनी आणि तिचे एकूण ५० शेअर्स. प्रत्येकाकडे २५. १९५१ साली घरात तोंडी ठरले, की दोन्ही शाखांकडे कायम सारखेच शेअर्स राहतील आणि कुणाला विकायचेच झाले तर आधी आपल्या शाखेतल्या माणसाला विचारायचे. भाऊ गेले, मुलांच्या हाती कारभार आला. पुढे एका शाखेतल्या मुलाने आपले शेअर्स दुसऱ्या शाखेला विकले आणि त्याचीच माणसे त्याच्याविरुद्ध कोर्टात उभी राहिली. रंगराज विरुद्ध गोपालकृष्णन हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९९१ मध्ये निकाल लागला: शेअर्स विकण्यावरचे बंधन कंपनीच्या नियमावलीत नसेल, तर ते ना कंपनीला लागू, ना भागधारकाला. विक्री कायम राहिली.

भागधारकांचे दावे लढवणाऱ्या वकिलाकडे नवा पक्षकार येतो, तेव्हा त्याच्या बोलण्यात बहुधा असाच एखादा शब्द असतो, बाबांनी दिलेला किंवा काकांनी मान्य केलेला. वकील मात्र आधी नियमावली मागतो, जिला सगळे 'आर्टिकल्स' म्हणतात. मग भागधारकांची नोंदवही, सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते, कंपनी निबंधकाकडे भरलेले फॉर्म. संचालक कधी बदलले, नवे शेअर्स कुणाला आणि कोणत्या भावाने दिले, हे तिथे तारखेसह सापडते.

खासगी कंपनीतल्या छोट्या भागधारकाची अडचण समजून घ्यायला हवी. त्याचे शेअर्स बाजारात विकता येत नाहीत. साधा ठराव निम्म्याहून अधिक मतांनी मंजूर होतो, आणि संचालकाला काढायला साधा ठराव पुरतो. म्हणजे ४९ टक्के मालकी असलेला माणूसही एका सभेत संचालकपद गमावू शकतो. त्यानंतर लाभांशही जाहीर झाला नाही, तर हातात राहतो फक्त कागद.

लंडनमधल्या इब्राहिमी यांचे नेमके हेच झाले. ते आणि नझर हे दोघे गालिचांचे व्यापारी, बरोबरीचे भागीदार. १९५८ मध्ये त्यांनी भागीदारीची कंपनी केली, नझर यांचा मुलगाही आत आला आणि दोघांनी आपापले काही शेअर्स त्याला दिले. नफा लाभांश म्हणून कधी वाटलाच जात नसे, तो संचालकांच्या मानधनातून मिळे. १९६९ मध्ये बापलेकांनी मिळून इब्राहिमींना संचालकपदावरून काढले. कायद्याच्या अक्षराप्रमाणे त्यात काही चूक नव्हती. तरीही १९७२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने कंपनी गुंडाळण्याचा आदेश उचलून धरला. परस्परविश्वासावर उभ्या राहिलेल्या अशा कंपनीत केवळ बहुमताच्या जोरावर माणसाला बाहेर काढणे अन्याय्य ठरू शकते, हे त्या निकालाने सांगितले. भारतातले वकील आजही त्याचा दाखला देतात.

आपल्याकडे असा भागधारक २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम २४१ खाली राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात, म्हणजे एनसीएलटीत जातो. दडपशाही आणि गैरव्यवस्थापन हे त्या अर्जाचे दोन आधार. न्यायाधिकरणाचे अधिकार मोठे आहेत: शेअर्सचे वाटप रद्द करता येते, संचालकाला काढता येते, एका गटाने दुसऱ्याचे शेअर्स विकत घ्यावेत असा आदेशही देता येतो. पण कंपनीचा प्रत्येक चुकीचा निर्णय म्हणजे दडपशाही नव्हे, आणि ती सिद्ध करण्याचे ओझे अर्जदाराच्याच खांद्यावर असते.

परदेशात राहून इथल्या धंद्यात पैसे गुंतवणाऱ्या मराठी माणसांनी डेल अँड कॅरिंग्टन हा निकाल जरूर लक्षात ठेवावा. भागभांडवलात बहुमत असलेला भागधारक परदेशात होता, कंपनी चालवणारा व्यवस्थापकीय संचालक इथे. संचालकाने नवे शेअर्स काढून स्वतःच्याच नावावर घेतले आणि बहुमत आपल्याकडे वळवले. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप रद्द केले. शेअर्स काढण्याचा अधिकार संचालकाला कंपनीच्या हितासाठी दिलेला असतो, सत्ता बळकावण्यासाठी नाही, असे न्यायालयाने बजावले.

या क्षेत्रातली सर्वांत गाजलेली लढाई मुंबईत टाटांच्या बॉम्बे हाउसमध्ये सुरू झाली. २४ ऑक्टोबर २०१६ रोजी टाटा सन्सच्या संचालक मंडळाने सायरस मिस्त्री यांना अध्यक्षपदावरून दूर केले. मिस्त्री कुटुंबाकडे कंपनीचे १८ टक्क्यांहून थोडे अधिक समभाग होते. त्यांच्या कंपन्यांनी मुंबईच्या एनसीएलटीत धाव घेतली, आणि पहिला अडथळा दारातच उभा राहिला. भागभांडवलाच्या निकषावर अर्ज करायचा तर किमान एक दशांश हिस्सा लागतो. कंपनीचे प्रेफरन्स शेअर्सही एकूण भांडवलात धरून मोजले तर त्यांचा हिस्सा दोन टक्क्यांच्या आसपास येत होता. शेवटी अपिली न्यायाधिकरणाने ही अट शिथिल केली. २०१८ मध्ये मुंबईत अर्ज फेटाळला गेला, डिसेंबर २०१९ मध्ये अपिली न्यायाधिकरणाने मिस्त्रींना पद परत दिले आणि २६ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल उलटवला. खंडपीठाचे प्रमुख होते तेव्हाचे सरन्यायाधीश, नागपूरचे शरद बोबडे. टाटा सन्स ही जणू दोन गटांची भागीदारी आहे, हा इब्राहिमीच्या वळणाचा युक्तिवाद टिकला नाही: कंपनी १९१७ ची, आणि मिस्त्री गटाने तिचे शेअर्स घ्यायला सुरुवात केली १९६५ मध्ये. अध्यक्षाला पदावरून काढले एवढ्यानेच ती दडपशाही ठरत नाही, असेही न्यायालयाने म्हटले. सुमारे साडेचार वर्षांच्या या लढाईत देशातले नामांकित वकील दोन्ही बाजूंनी उभे होते.

एवढा वेळ आणि पैसा छोट्या कंपनीकडे नसतो, म्हणूनच यातली पुष्कळ भांडणे शेअर्सच्या किमतीवर तडजोड करून मिटवावी लागतात. कंपनीबाहेरच्या व्यापारी वादांत तर कायद्यानेच ती वाट आधी दाखवली आहे. तीन लाख रुपये किंवा त्याहून मोठ्या व्यापारी दाव्यात तातडीचा मनाई हुकूम नको असेल, तर आधी मध्यस्थी करावीच लागते. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही अट बंधनकारक ठरवली.

घरच्या किंवा मित्राच्या कंपनीत तुमचे शेअर्स असतील, तर संबंध गोड आहेत तोवरच तिची नियमावली मागवून वाचा. बाहेर पडायचे झाले तर शेअर्स कोण घेईल आणि किंमत कशी ठरेल हे त्यात लिहिलेले नसेल, तर पुढच्या सर्वसाधारण सभेत विशेष ठराव करून लिहून घ्या.