घास आणि सुई : रुग्णालयातील रक्तशर्करेची तूट

रात्रीची वेळ. खाटेवर वृद्ध रोगी निश्चल पडला आहे, कपाळावर घाम डवरला आहे, आणि उशाशी बसलेला मुलगा ‘आज बाबांना बरी झोप लागली’ म्हणून समाधान मानीत आहे. रत्नागिरीच्या दमट हवेत घामाचे नवल कोणास वाटणार? परंतु ही झोप कधी कधी झोप नसतेच. रक्तातील साखर उतरल्याने आलेली ती ग्लानी असते.

मेंदूचे मुख्य इंधन ग्लुकोज होय, आणि त्याचा साठा मेंदूपाशी जवळजवळ नसतो. रक्ताकडून पुरवठा तुटला की त्याची उपासमार सुरू होते. १०० मिलिलिटर रक्तात साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की सावध व्हावे. ५४ च्या खाली जाणे धोक्याचे. प्रथम शरीर स्वतःच हाकाटी करते : घाम, हातास कंप, छातीत धडधड, कडकडून भूक. त्यानंतर मेंदू गांगरतो. रोगी चिडतो, असंबद्ध बोलतो, जीभ अडखळते. पुढे झटके व बेशुद्धी. क्वचित एक अंग लुळे पडून अर्धांगवायूचा भास होतो. ही अवस्था लांबली, तर मेंदूची हानी कायमची होते.

इन्सुलिनचा शोध टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी १९२१ साली लावला, आणि असंख्य मधुमेही वाचले. परंतु हे औषध जेवणाची वाट पाहत नाही. घरी मनुष्य घास आणि सुई यांचा मेळ स्वतः घालतो. रुग्णालयात तो अनेकांच्या हाती असतो. सुई टोचली आणि न्याहारीपूर्वीच रोग्यास तपासणीस नेले, शस्त्रक्रियेसाठी उपाशी ठेवले, वांती झाली, किंवा पेज अर्धीच घेतली, अशा वेळी मेळ चुकतो. मूत्रपिंडे दुबळी असल्यास इन्सुलिन आणि मधुमेहाच्या काही गोळ्या शरीरात अधिक काळ रेंगाळतात.

मधुमेह नसलेल्यांनीही निर्धास्त राहू नये. तीव्र हिवतापात साखर उतरते, आणि शिरेतून दिलेले क्विनाईन इन्सुलिनचा स्राव वाढवून त्यात भर घालते. गर्भवतीस हा धोका अधिक. यकृताचे गंभीर विकार व रक्तातील जंतुदोष यांतही हेच घडते. शिवाय जुन्या मधुमेह्यास, किंवा हृदयाची गती मंदावणारी औषधे घेणाऱ्यास, कंप व धडधड ही पूर्वसूचना मिळेलच असे नाही. म्हणून वागण्यातील आकस्मिक पालट दिसताच बोटाच्या थेंबभर रक्ताची तपासणी प्रथम व्हावी.

रोगी शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे सुमारे तीन चहाचे चमचे, पाण्यातून द्यावे. १५ मिनिटांनी रक्त पुन्हा तपासावे, साखर न चढल्यास तितकेच पुन्हा द्यावे, आणि चढल्यावर खावयास द्यावे. गुंगीत असलेल्याच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाते. तेथे शिरेतून ग्लुकोज देणे हा मुख्य उपाय. गोळ्यांमुळे उतरलेली साखर चढूनही पुन्हा उतरू शकते. अशा रोग्यावर दिवसभर नजर हवी.

उशाशी बसणाऱ्याचे कार्य साधे, पण मोलाचे आहे. ताटात किती उरले, हे पुढील सुईपूर्वी परिचारिकेस सांगावे. आणि अवेळी गाढ झोपलेल्या, घामाने भिजलेल्या रोग्यास हाक मारून पाहावे. उत्तर न आले, तर त्याच क्षणी डॉक्टरांस बोलवावे.