टेन्ली ऑलब्राइट आणि बर्फावरचा खेळ

बर्फ आपल्या ओळखीचा आहे तो जत्रेतल्या गोळ्यापुरता. रंगीत पाणी घातलेला गोळा हातात घेतला की लगेच पाघळू लागतो. पण ज्या मुलखात थंडी कडाक्याची पडते, तिथे सबंध तळेच्या तळे गोठते. पाण्याचा वरचा थर फरशीसारखा टणक होतो. माणसे त्यावरून चालतात.

चालतात खरी, पण पाय घसरतो. मग तिकडच्या लोकांनी युक्ती काढली. घसरणे टळत नाही ना, मग आपल्या मर्जीने घसरू! बुटाच्या तळाला त्यांनी पोलादी पाते बसवले. या पात्याला स्केट म्हणतात. पात्याच्या तळाला मधोमध लांब पन्हळ असते. त्यामुळे एकाच पात्याला दोन धारा होतात, एक आतली आणि एक बाहेरची. पुढच्या टोकाला करवतीसारखे दाते असतात. आतल्या धारेवर भार दिला की माणूस एका अंगाला वळतो, बाहेरच्या धारेवर दिला की दुसऱ्या. दाते बर्फात रोवून उडी मारता येते. सगळी कला या दोन धारांत आणि त्या दातांत आहे.

या खेळाचे नाव फिगर स्केटिंग. फिगर म्हणजे आकृती. आता हे नाव का पडले, ते ऐका. पूर्वी मोठ्या सामन्यांचे दोन भाग असत. दुसऱ्या भागात वाद्यांच्या तालावर गिरक्या आणि उड्या. तो बघायला लोक गर्दी करत. पहिल्या भागात मात्र वाद्य नाही, उडी नाही. खेळाडूने एका पायावर उभे राहून पात्याच्या धारेने बर्फावर आकृती काढायची. इंग्रजी आठाचा आकडा म्हणजे एकाला एक चिकटलेली दोन वर्तुळे. तशी काढायची, आणि पुन्हा त्याच रेघेवरून तिसऱ्यांदा जायचे. रेघ केसभर सरकली तरी गुण गेले. खेळाडू बाजूला झाला की पंच बर्फावर वाकून रेघ न्याहाळत. आपण लिहायला शिकताना अक्षर गिरवले, तसेच हे. फक्त इथे पेन्सिल पायाला बांधलेली! आणि त्या काळी शंभरांतले साठ गुण या गिरवण्याला असत. बघणाऱ्याला हा भाग कंटाळवाणा वाटे. मला विचाराल तर खेळाडूची खरी पारख तिथेच होई. उडीत चूक झाली तर हसून वेळ मारून नेता येते, बर्फावरची रेघ मात्र खोटे बोलत नाही.

टेन्ली ऑलब्राइट ही या खेळात अमेरिकेची पाच वेळा विजेती झाली. तिचा जन्म 1935 सालचा. बॉस्टन शहराजवळच्या न्यूटन गावात ती वाढली. वडील डॉक्टर होते, शस्त्रक्रिया करणारे. हिवाळ्यात त्यांनी घरामागच्या अंगणात पाणी सोडले. रात्रीच्या थंडीत ते गोठले आणि घरच्या घरी मैदान तयार झाले. आठ-नऊ वर्षांची टेन्ली तिथे पडत-धडपडत शिकली.

1946 साली, ती अकरा वर्षांची असताना, घरावर संकट आले. तिला पोलिओ झाला. पाठ, मान आणि पाय हलवता येईनात.

पोलिओ काय करतो, ते आपल्या गावांनाही चांगले ठाऊक आहे. हा रोग फार बारीक जंतूंमुळे होतो. घाण पाण्यातून, अन्नातून जंतू तोंडावाटे पोटात जातात. पाठीच्या कण्यातून पायांकडे जे मज्जातंतू जातात, त्यांचे मूळ ते बिघडवतात. मग पायाला चाल म्हटले तरी ते त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. पाय लुळा पडतो. 1946 साली यावर लस नव्हती. अमेरिकेत ती 1955 साली आली. भारतात घरोघरी दोन-दोन थेंब पाजून, शेवटचा रोगी 2011 साली सापडला आणि 2014 साली आपला देश पोलिओमुक्त झाल्याचे जाहीर झाले. टेन्लीच्या वेळी डॉक्टरांच्या हाती फारसे काही नव्हते. मूल पुन्हा उठेल की नाही, याची वाट बघत बसायचे.

टेन्ली उठली. तिचा आजार त्यातल्या त्यात सौम्य निघाला. डॉक्टर म्हणाले, अंगात ताकद यायला हवी, तर तिला पुन्हा बर्फावर जाऊ द्या. ज्या मुलीला पाऊल टाकता येत नव्हते तिला घसरत्या बर्फावर पाठवायचे, हा सल्ला ऐकून आईबापांच्या जिवाचे काय झाले असेल! पण त्यांनी पाठवले. आधी खेळ म्हणून धरलेला बर्फ आता औषध झाला.

पुढे मॅरिबेल व्हिन्सन या बाईंनी तिला शिकवले. या बाई स्वतः नऊ वेळा अमेरिकेच्या विजेत्या होत्या. बॉस्टनच्या क्लबात बांधीव मैदान होते. अशा मैदानाच्या तळाशी नळ्या असतात आणि त्यांतून अतिथंड खारे पाणी फिरवून वरचे पाणी गोठवतात. पहाटे चारला टेन्ली बर्फावर हजर असे. चार ते सहा सराव, मग अभ्यास. पहाटेची वेळ एवढ्यासाठी, की तेव्हा बर्फ कोरा असतो. कोऱ्या बर्फावर आपली रेघ नीट दिसते, चुकली तर तीही दिसते.

1952 साली नॉर्वेतल्या ऑलिंपिकमध्ये तिचा दुसरा क्रमांक आला. पहिल्या आल्या इंग्लंडच्या जॅनेट ऑल्टवेग. याच साली टेन्ली प्रथम अमेरिकेची विजेती झाली. तेव्हा ती सोळा वर्षांची होती. त्यानंतर 1956 पर्यंत दरसाल हा मान तिच्याचकडे राहिला. 1953 साली ती जगाची विजेती झाली. तोवर अमेरिकेच्या एकाही बाईला ते जमले नव्हते. 1954 साली ते पद जर्मनीच्या गुंडी बुश हिने घेतले. 1955 साली टेन्लीने ते परत मिळवले.

या काळात तिचे कॉलेजही चालू होते. वडिलांसारखे डॉक्टर व्हायचे, हे तिने ठरवले होते. ऑलिंपिकच्या तयारीसाठी मात्र तिने काही काळ कॉलेज बाजूला ठेवले.

1956 चे ऑलिंपिक इटलीत होते. डोंगरातल्या कोर्टिना गावी मैदान उघड्या आभाळाखाली होते. सामन्याला दोन आठवडे राहिले असताना टेन्ली सराव करत होती. बर्फातल्या एका खाचेत पाते अडकले आणि ती आदळली. पडताना डाव्या पायाचे पाते उजव्या घोट्यावर बसले. बुटाचे जाड चामडे कापून ते आत गेले. शीर तुटली आणि हाडही खरवडले गेले. पात्याला धार असते हे वर सांगितलेच आहे. कोयत्याचा घाव बसावा, तशातलाच हा प्रकार.

बातमी कळताच वडील अमेरिकेहून निघून इटलीत आले. जखमेला टाके त्यांनीच घातले. दहा वर्षांपूर्वी मुलगी अंथरुणावर पडली तेव्हा त्यांच्या हातात काही नव्हते. या वेळी निदान सुई-दोरा होता.

दोन आठवड्यांत अशी जखम भरत नाही. शेतात विळा लागलेल्या माणसाला विचारा. शिवाय या खेळात उडी मारून उतरायचे ते एकाच पायावर, आणि बहुतेकांचा तो पाय उजवाच असतो. घोट्याला पट्ट्या बांधून टेन्ली बर्फावर उतरली. आधी आकृत्या झाल्या, मग वाद्यांवरचा खेळ. तिने जे संगीत निवडले होते, ते ऑफेनबाख या संगीतकाराच्या नाटकातले होते. इटलीच्या लोकांना ते सूर पाठ होते. बघता बघता लोक सुरात सूर मिसळून गुणगुणू लागले. आपल्याकडे ओळखीची चाल लागली की सगळा मांडव डोलू लागतो, तसेच. पुढे टेन्लीने सांगितले, की ते ऐकून दुखण्याचा विसर पडला.

पंच होते अकरा. त्यांतल्या दहा जणांनी तिला पहिला क्रमांक दिला. या खेळात ऑलिंपिकचे सोन्याचे पदक घेणारी ती अमेरिकेची पहिली बाई. दुसरी आली तिच्याच देशाची कॅरल हाइस, अवघी सोळा वर्षांची. थोड्याच दिवसांत जागतिक सामन्यात याच कॅरलने टेन्लीला मागे टाकले. मार्च महिन्यात अमेरिकेत दोघी पुन्हा समोरासमोर आल्या. त्या वेळी टेन्ली जिंकली, पाचव्यांदा. मग तिने सामने सोडले.

बर्फावरच्या तमाशांतून त्या वेळी अशा खेळाडूंना चांगला पैसा मिळे. टेन्लीने तो मार्ग घेतला नाही. ती हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयात गेली. या विद्यालयाने मुलींना प्रवेश द्यायला सुरुवात केली ती 1945 साली, म्हणजे ही तिथे जाण्याच्या थोडीच वर्षे आधी. 1961 साली ती डॉक्टर झाली.

त्याच 1961 च्या फेब्रुवारीत एक दुःखद घटना घडली. अमेरिकेचा सारा संघ जागतिक सामन्यांना निघाला होता. बेल्जियममध्ये त्यांचे विमान कोसळले. अठराही खेळाडू गेले. शिकवणाऱ्यांपैकी मॅरिबेल व्हिन्सन त्याच विमानात होत्या. त्यांच्या दोन्ही मुली संघात होत्या, त्याही गेल्या. त्या वर्षी जागतिक सामने झालेच नाहीत.

टेन्ली पुढे शस्त्रक्रिया करणारी डॉक्टर झाली आणि बॉस्टनमध्ये तिने वीस वर्षांहून अधिक काळ ते काम केले. वडिलांनी इटलीत तिच्या घोट्याला टाके घातले होते. आता ती दुसऱ्यांना टाके घालत होती.