जॉर्ज मार्टिन : दुसऱ्याच्या मनातला सूर

1962 साली पीटर सेलर्स आणि स्पाइक मिलिगन या विनोदवीरांनी 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' या गाजलेल्या चित्रपटाचं विडंबन लंडनमध्ये ध्वनिमुद्रित केलं. चित्रपट कंपनीने खटल्याची धमकी दिली. तेव्हा रेकॉर्डचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी टेपवर जिथे जिथे 'क्वाय' होतं, तिथला 'क' तेवढा कापून काढला. उरलं 'वाय', म्हणजे ब्रिटनमधलीच एक नदी. रेकॉर्ड बाजारात आली.

बीटल्सचा निर्माता म्हणून मार्टिन जगाला ठाऊक आहेत, पण त्यांची खरी तालीम अशा रेकॉर्डवर झाली, असं मला ठामपणे वाटतं. विनोदी रेकॉर्डमध्ये दिसत काहीच नाही; प्रसंग कानाने उभा करावा लागतो. टेप कापायची, जोडायची, वेग बदलून आवाज पातळ किंवा जाड करायचा, हे सगळं त्यांच्या हाताखालून गेलं होतं.

जन्म 1926चा, लंडनचा. पियानो बराचसा स्वतःच शिकले. युद्धकाळात नौदलाच्या हवाई दलात होते, नंतर गिल्डहॉल संगीत विद्यालयात ओबो वाजवायला शिकले. 1950मध्ये ईएमआय कंपनीत लागले आणि 1955मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, तिच्या पार्लोफोन या दुय्यम लेबलचे प्रमुख झाले. इतर कंपन्यांनी नाकारलेली लिव्हरपूलची चार पोरं, म्हणजेच बीटल्स, 1962 साली त्यांच्याकडे आली. पुढच्या फेब्रुवारीत एकाच दिवसात दहा गाणी ध्वनिमुद्रित करून त्यांनी या मुलांचा पहिला अल्बम पुरा केला.

कंपनी मालामाल झाली, मार्टिन मात्र पगारी नोकरच राहिले. विकल्या गेलेल्या रेकॉर्डमागे त्यांना एक पेनीही मिळत नव्हती. 1965मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि सहकाऱ्यांसह 'एआयआर' ही स्वतःची संस्था काढली. बीटल्सचं काम त्यांच्याकडेच राहिलं. निर्मात्याला रेकॉर्डच्या विक्रीत वाटा हवा, हा आग्रह धरणाऱ्या पहिल्या काही लोकांत ते होते. त्यांचं हे श्रेय गाण्यांच्या गजरात हरवतं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

त्यांच्या कामाचं मर्म बीटल्सच्या 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर'मध्ये सापडतं. 1966च्या हिवाळ्यात या गाण्याचे दोन निराळे टेक तयार झाले होते. एक संथ, मोजक्या वाद्यांचा. दुसरा जलद आणि वरच्या पट्टीतला. त्यात मार्टिननी लिहिलेले चार ट्रम्पेट आणि तीन चेलो. बीटल्समधले जॉन लेनन यांना पहिल्याची सुरुवात हवी होती आणि दुसऱ्याचा शेवट. लय वेगळी, पट्टी वेगळी. हे दोन तुकडे जुळायचे कसे? टेपचा वेग वाढवला की लय आणि पट्टी दोन्ही चढतात, कमी केला की दोन्ही उतरतात. नशिबाने संथ टेकच खालच्या पट्टीत होता. तो थोडा पळवला, दुसरा थोडा मंदावला, आणि एका जागी येताच मार्टिन आणि तंत्रज्ञ जेफ एमेरिक यांनी टेप कापून जोडली. गाणं सुरू झाल्यावर साधारण मिनिटभराने तो सांधा येतो. ठाऊक नसेल तर कळतही नाही.

तेव्हा ईएमआयकडे चारच ट्रॅकची यंत्रं होती. चारही भरले की सगळं दुसऱ्या यंत्रावर एकत्र उतरवायचं आणि पुढची वाद्यं चढवायची. एकदा उतरवलेलं मग वेगळं करता येत नसे, म्हणून पुढचं गाणं आधीच कानात वाजलेलं असावं लागे. मार्टिनच्या कानात ते वाजत असे.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते 1967चं 'विदिन यू विदाउट यू'. बीटल्समधले जॉर्ज हॅरिसन यांच्या या गाण्यात लंडनमधले भारतीय वादक दिलरुबा, तबला, तंबोरा वाजवत होते. त्यावर मार्टिनना आठ व्हायोलिन आणि तीन चेलो यांचं लेखन करायचं होतं. दिलरुबाची मींड पाश्चात्य स्वरलिपीत मावत नाही आणि वाद्यवृंदातले वादक कागदावर लिहिलेलं वाजवतात. मार्टिननी दिलरुबाची घसीट ऐकून ती व्हायोलिनच्या घसरत्या स्वरांत लिहून काढली. तिच्या जागा कुठे आहेत हे हॅरिसन यांनी समजावून दिलं आणि वादकांनी ती मोठ्या कष्टाने साधली. रागसंगीताची तालीम न झालेल्या माणसाने दुसऱ्या परंपरेपुढे इतक्या नम्रपणे कान द्यावा, याचं मला अपार कौतुक आहे.

हे गाणं ज्या अल्बममध्ये आलं, त्याच्या वेष्टनावर मार्टिन यांचं नाव छापलं होतं. अण्णा जोशी, अमृत गज्जर, नटवर सोनी, बुद्धदेव कंसारा या वादकांची नावं नव्हती. ती ठळकपणे लोकांसमोर यायला पन्नास वर्षं जावी लागली. तो दिलरुबा नसता, तर मार्टिननी लिहिलं काय असतं?