गिऱ्हाईकच जेव्हा कामाला लागते

परवा बँकेत गेलो होतो. पासबुक भरून घ्यावे म्हणून खिडकीपाशी उभा राहिलो, तर आतल्या बाईंनी कोपऱ्यातल्या यंत्राकडे बोट दाखवले. "तिथे तुम्हीच भरून घ्या." माझ्यामागे एक आजी होत्या. त्यांना ते यंत्र जमेना, म्हणून त्यांचेही पासबुक मीच भरून दिले. घरी येताना मनात आले, आपण ग्राहक की बिनपगारी कारकून?

समाजशास्त्राला हा प्रश्न नवा नाही. अमेरिकी लेखक आल्विन टॉफलर यांनी १९८० साली 'द थर्ड वेव्ह' या पुस्तकात 'प्रोझ्यूमर' हा शब्द रूढ केला. जो उत्पादकही आहे आणि उपभोक्ताही, तो प्रोझ्यूमर. शेतीच्या युगात बहुतेक माणसे पिकवीत तेच खात. कारखाने आले आणि करणारा वेगळा, वापरणारा वेगळा झाला. पुढे हे दोघे पुन्हा एक होतील, असे टॉफलर यांचे म्हणणे. त्यांना त्यात मोकळीक दिसली.

जॉर्ज रिट्झर या समाजशास्त्रज्ञांनी १९९३ साली दुसरी बाजू मांडली. फास्ट फूडच्या दुकानात गिऱ्हाईक स्वतःच रांगेत उभे राहून ताट आणते, खाऊन झाल्यावर उचलते. पगार मात्र मागत नाही!

ही रीत तशी जुनी. १९१६ साली अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी 'पिगली विगली' हे दुकान काढले. तोवर दुकानातला माणूस सामान काढून देई. इथे गिऱ्हाईकानेच टोपली घेऊन फिरायचे. नोकर कमी लागले, माल स्वस्त देता आला. म्हणजे त्या श्रमाचा थोडा वाटा गिऱ्हाईकालाही मिळाला.

म्हणून मी एकच कसोटी लावतो. श्रम आपले, पण फळ कोणाचे? मराठी विकिपीडियावर २००३ पासून लोक विनामोबदला लिहितात, पण ते ज्ञान सर्वांना खुले असते. घराच्या छपरावर सौर पॅनेल बसवणाऱ्याची जादा वीज ग्रिडमध्ये जाते आणि नेट मीटरिंगमुळे ती बिलातून वजा होते. केंद्र सरकारच्या २०२० च्या वीज ग्राहक हक्क नियमांत तर 'प्रोझ्यूमर' हा शब्दच आला आहे. याउलट समाजमाध्यमांवर आपणच लिहितो, आपणच वाचतो, आणि जाहिरातींचा पैसा बहुतांशी कंपनीकडे जातो.

यंत्राला माझा विरोध नाही. मला ते सोयीचे आहे. पण त्या आजींना नव्हते. काम ग्राहकावर सोपवताना ज्याला ते जमत नाही, त्याच्यासाठी एक खिडकी उघडी राहायला हवी, एवढेच.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)