चाकांचं धनुष्य

पेण आणि रोह्याच्या डोंगरपट्टीतल्या कातकरी वाड्यांना तिरकामठा नवा नाही. ज्याला शिकारीला जायचं, त्यानेच बांबू निवडायचा, तासायचा, वाकवून दोरी चढवायची. बनवणारा आणि मारणारा वेगळे नसत. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, शिकार गुन्हा ठरली आणि हे कसब मागे पडत गेलं. त्या कामठ्याचा एक स्वभाव मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे. जितका ओढावा तितका तो जड होतो. सर्वांत जास्त जोर लागतो तो नेमका नेम धरण्याच्या क्षणी.

कंपाउंड धनुष्याने हाच हिशेब उलटा केला. त्याच्या दोन्ही टोकांना चाकं असतात, त्यांना कॅम म्हणतात. कॅम गोल नसतो आणि त्याचा आसही मधोमध नसतो. दोरी ओढू लागलं की सुरुवातीला जोर झपाट्याने चढतो, थोडा वेळ टिकतो आणि मग कॅम फिरून अशा जागी येतो की ओझं एकदम उतरतं. स्पर्धेत कमाल ६० पौंडांची, म्हणजे साधारण २७ किलोंची ओढ चालते. ७५ टक्के उतार देणारा कॅम असेल तर पूर्ण ताणल्यावर हातात उरतात १५ पौंड, जेमतेम सात किलो. शक्ती सगळी धनुष्याच्या पात्यांत साठलेली आणि खेळाडू निवांत नेम धरतोय. बोटांनी दोरी सोडायचीही गरज नाही. ते काम रिलीज नावाचा खटका करतो. नेम धरायला दोरीत पीप नावाचं छिद्र, पुढे भिंग आणि भिंगातच पाणसळ. जुन्या पठडीतले धनुर्धर याला ‘यंत्र’ म्हणून नाक मुरडतात. ते यंत्र आहेच, पण त्यात हिणवण्यासारखं काय आहे, हे मला कधी उमगलं नाही.

हे यंत्र कुठल्या प्रयोगशाळेत जन्मलं नाही. अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात बिलिंग्ज नावाच्या गावी राहणाऱ्या हॉलिस विल्बर ॲलन या हौशी शिकाऱ्याला बाण अधिक वेगाने जायला हवा होता. त्याने साध्या धनुष्याची टोकं कापली आणि तिथे चाकं बसवली. १९६६ साली पेटंटसाठी अर्ज केला, ते १९६९च्या डिसेंबरात मिळालं. पहिल्यांदा ते कारखान्यात बनवून विकलं टॉम जेनिंग्ज यांनी, आणि तेही मुळात धनुष्य बनवणारेच. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत कंपाउंडला प्रवेश मिळायला मात्र १९९५ उजाडलं.

विकत घेतलेलं धनुष्य खोक्यातून काढून तसंच मैदानावर नेता येत नाही. खरी कारागिरी इथे सुरू होते. वरचा आणि खालचा कॅम एकाच वेळी थांब्याला टेकले पाहिजेत. एक जरा आधी टेकला तर बाण वर-खाली डुलत निघतो. मग धनुष्य प्रेसमध्ये धरून पाती दाबायची, ताण सुटला की कॅमना जोडलेली केबल काढायची, तिला अर्धा किंवा एक पीळ द्यायचा आणि पुन्हा चढवायची. पीळ दिला की केबल किंचित आखूड होते, तेवढ्याने कॅमची वेळ बदलते. नंतर चौकटीत ताणलेल्या कागदातून काही फुटांवरून बाण मारायचा आणि कागद कसा फाटला ते पाहायचं. उभा फाटला तर बाण टेकतो ती रेस्ट किंवा दोरीवरची खाचेची जागा सरकवायची, आडवा फाटला तर दुरुस्ती आडवी. एकच स्वच्छ भोक आणि त्याभोवती तीन पिसांच्या चिरा दिसल्या की पुढे जायचं. पेणच्या गणपतींचं कितीही काम साच्यात झालं तरी डोळ्यांची आखणी जाणत्या हाताकडेच जाते, तसं हे काम आहे. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत धनुष्य विसरलं तर ही सगळी मेहनत पाण्यात जाऊ शकते, कारण उष्णतेने दोरीचा ताण बदलतो. आणि बाण न लावता दोरी सोडली तर पाती तडकण्याचीच भीती.

एवढी बारकाई कशाला, ते आकडे सांगतात. कंपाउंडची स्पर्धा ५० मीटरवरून होते आणि दहा गुणांचं वर्तुळ असतं ८ सेंटिमीटर व्यासाचं. सामन्यात १५ बाण, म्हणजे पुरेपूर गुण १५०. बर्लिनमध्ये ५ ऑगस्ट २०२३ रोजी नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम सामन्यात ते १५०च्या १५० मिळवले. समोरच्या पोलिश खेळाडूचे १४९ होते. त्याच दिवशी साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. दोघांचे प्रशिक्षक एकच, साताऱ्याचे प्रवीण सावंत. अदितीचे वडील गणिताचे शिक्षक. मुलीच्या साहित्यासाठी त्यांनी कर्ज काढलं होतं. पुढे हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ओजसने तीन सुवर्णपदकं आणली.

अदितीच्या वडिलांचं हे कर्ज कशापायी? वरच्या दर्जाचं कंपाउंड, बाण आणि बाकी सामान मिळून खर्च लाखांत जातो आणि हॉइट, मॅथ्यूज, पीएसई ही मोठी नावं सगळी अमेरिकेतली. जगज्जेते महाराष्ट्राचे, धनुष्य परदेशाचं. मला हे पटत नाही. ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून मधला दांडा, म्हणजे रायझर, कोरणं आपल्याकडच्या सीएनसी यंत्रांना अवघड नाही. अवघड आहेत ती हजारो वेळा वाकूनही न थकणारी पाती आणि कॅमचा आकार. तिथे पैसा, चाचण्या आणि वर्षं लागतात. पण हे काम धनुर्धरानेच हाती घ्यायला हवं, कारण दोष आधी त्याच्याच हाताला कळतो.

लॉस एंजेलिसच्या २०२८च्या ऑलिंपिकमध्ये कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकार पहिल्यांदाच असेल. तोवर आपलं धनुष्य तयार होईल, अशी आशा मी ठेवत नाही. पण पेण-रोह्याकडच्या एखाद्या आयटीआयच्या पोराला किंवा पोरीला या खेळाचा आणि हत्यारांचाही नाद असेल, तर सुरुवात दोरीपासून करावी. दोरी आणि केबल ताणून वळायची चौकट गावच्या फॅब्रिकेशनच्या दुकानातही करून घेता येते आणि वापरून झिजलेली दोरी प्रत्येक खेळाडूला बदलावीच लागते. फक्त एक पथ्य पाळा: प्रेस नसेल तर कंपाउंडची केबल सोडायला जाऊ नका.