लाकडाचा लिलाव : बोलीआधी वही उघडा

जवळा बाजारच्या मोंढ्यात सोयाबीनची बोली लागली की कोण कुठे थांबला हे संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर कळते. लाकडाचे तसे नाही. आमचे सुतार व फर्निचरवाले बांधव सागवान घेतात ते वखारीतून, चिरलेले, दोन-तीन हातांतून आलेले. त्याची पहिली बोली किनवटच्या किंवा चंद्रपूरकडच्या जंगलातील मालावर, वन खात्याच्या अथवा वन विकास महामंडळाच्या डेपोत लागलेली असते. ती बोली आमच्यापैकी फार थोड्यांनी पाहिली आहे. 'ते मोठ्यांचे काम' असे म्हणून आपण बाजूला राहतो आणि मोठ्यांचा नफा मुकाट्याने भरतो.

ही भीती अगदीच खोटी नाही. डेपोत ओंडक्यांचे लॉट लावलेले असतात. माल आधी पाहता येतो, अनामत भरावी लागते, मग बोली. पहिला घोटाळा मापाचा होतो. ओंडक्याची गोलाई भागिले चार, त्याचा वर्ग, गुणिले लांबी, हे व्यापारातले जुने माप. १२० सें.मी. गोलाईचा ३ मीटर लांब ओंडका या मापाने ०.२७ घनमीटर भरतो, प्रत्यक्षात मात्र तो ०.३४ च्या आसपास असतो. म्हणजे माप कोणते हे विचारल्याशिवाय दोन ठिकाणचे दर ताडून पाहणे व्यर्थ आहे. शिवाय एक घनमीटर म्हणजे ३५.३ घनफूट. वखारीतला दर फुटावर आणि डेपोतला मीटरवर, त्यात चिराईची तूट, कर, वाहतूक परवाना व ट्रकभाडे. हा हिशेब घरी बसून करायचा असतो. बोलीच्या गडबडीत तो होत नाही.

दुसरा घोटाळा माणसाच्या मनाचा. समजा एका लॉटमधून खरोखर १ लाखाचाच माल निघणार आहे. पाच जण तो पाहून ८०, ९०, १००, ११० आणि १२० हजार असा अंदाज करतात. पोकळ ओंडका, गाठी, आतली भेग बाहेरून कोणाला दिसणार? बोली चढत जाते, ११० वाला थांबतो आणि १२० वाला ११० च्या किंचित वर माल उचलतो. सगळे अभिनंदन करतात. पण त्याचे दहा हजार तिथेच गेले. ज्याचा अंदाज सर्वांत जास्त चुकला त्याच्याच गळ्यात माल पडतो. अर्थशास्त्रज्ञ याला 'विजेत्याचा शाप' म्हणतात. लिलावाच्या अभ्यासासाठी २०२० साली अमेरिकेच्या पॉल मिल्ग्रॉम व रॉबर्ट विल्सन यांना नोबेल मिळाले, त्यात या शापाचाही विचार आहे.

अमेरिकेत सरकारी जंगलाच्या लाकूड विक्रीचे जुने आकडे काढून विद्वानांनी बोली लावणाऱ्यांची चाल तपासली. सुझन अॅथी, जोनाथन लेव्हिन व एन्रिक सेरा यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आमच्या कामाची एक गोष्ट आहे. तोंडी बोलीपेक्षा बंद पाकिटाच्या निविदेत लहान, स्वतःची आरागिरणी नसलेले खरेदीदार जास्त येतात आणि मालही जास्त वेळा नेतात. कारण उघड आहे. तोंडी बोलीत गिरणीवाला समोर बसून शेवटच्या रुपयापर्यंत ताणतो. पाकिटात समोरच्याचा आकडा दिसत नाही, त्यामुळे लहान माणसालाही संधी राहते. तेव्हा डेपोत कोणती पद्धत आहे हे आधी विचारून घ्यावे.

त्याआधी, १९९७ साली, बाल्डविन, मार्शल व रिचर्ड यांनी त्याच देशाच्या वायव्येकडील विक्रीचे आकडे तपासले होते. दर का पडले याचा उलगडा प्रामाणिक स्पर्धेपेक्षा खरेदीदारांच्या संगनमताने जास्त चांगला होतो, असे त्यांना आढळले. आपल्याकडे याला 'रिंग' म्हणतात, आणि रिंग काय असते हे मोंढ्यातल्या कोणाला शिकवायला नको. भारतातही २००२ च्या स्पर्धा कायद्याने बोलीतले संगनमत बेकायदा ठरवले आहे.

आम्हास येथे स्पष्ट बोलावेसे वाटते. लिलाव इस्लाममध्ये जायज आहे. सुनन अबू दाऊदमध्ये प्रसंग आहे : मागायला आलेल्या एका अन्सारी गृहस्थाचे जाडे वस्त्र व वाडगा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्वतः बोली लावून दोन दिरहमला विकले. एका दिरहमचे धान्य, दुसऱ्याची कुऱ्हाड आणवली आणि त्याला लाकूड तोडून विकायला पाठवले. घ्यायचे नसताना केवळ भाव चढवण्यासाठी बोली लावणे, म्हणजे 'नजश', मात्र मना आहे. नजशने घेणारा नागवला जातो, रिंगने विकणारा. 'सरकारी माल आहे, कोणाचे काय जाते' ही सबब आमच्या काही बांधवांच्या तोंडी ऐकू येते. ती आम्हास मान्य नाही.

चार सुतारांनी उघडपणे शिरकत करून, लेखी हिस्से ठरवून एकच बोली लावणे मात्र निराळे. आपापली बोली लावू शकणाऱ्यांनी गुपचूप एकमेकांना वाट मोकळी करून देणे ती रिंग. ज्याला एकट्याला पूर्ण लॉट पेलतच नाही त्याची भागीदारी ही रिंग नव्हे.

अशा चौघांनी पहिल्या दोन-तीन लिलावांत हातही वर करू नये. एक वही न्यावी. लॉटचा नंबर, जात, गोलाई, घनमीटर, सरकारी किमान किंमत, किती जण खरोखर बोलले आणि शेवटची बोली किती, एवढे लिहावे. कितीजण बोलले हा रकाना लोक सोडून देतात. दोघे बोलले तेव्हाचा भाव आणि सात बोलले तेव्हाचा भाव शेजारी ठेवून पाहिले की बाजार कसा चालतो ते दिसू लागते. मग पहिला लॉट लहान घ्यावा, आणि तो चिरून झाल्यावर किती फूट माल निघाला ते त्याच ओळीत पुढे लिहावे.